दार

पिंपळधरीत मी त्रेचाळीस संडास बांधले.
विटांचा हिशेब अजून तोंडपाठ आहे,
पैशांचा विचारू नका.

योजनेचे बारा हजार मिळतात,
पण बांधून झाल्यावर, फोटो चढल्यावर.
आधी घालायला ज्याच्याकडे बारा हजार होते
त्याच्या घरी संडास होताच,
टाइल्सचा, वर काळी टाकी.
बाकीचे म्हणाले, सोयाबीन निघू द्या.
सोयाबीन निघालं.
कुठं गेलं, ते सगळ्यांना माहीत.

काळी माती मला ओळखते.
उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते,
श्रावणात फुगते, सिमेंटच्या रिंगा सरकवते;
खड्डा पाणी पीत नाही, ओकतो.
साहेबांना म्हटलं, इथं रुंद घ्या, तळाशी मुरूम टाका.
साहेब म्हणाले, नकाशा वरून आलाय.
मी वर पाहिलं.
एक घार फिरत होती.

आता देवकाबाईच्या संडासात तुराट्या आहेत,
अंबादासच्या संडासात युरिया आणि फवारणीचा पंप,
ढोमण्यांची शेळी तिथंच व्याली.
"वापरत का नाही?" सर्वेक्षणाच्या पोरीनं विचारलं.
देवकाबाईनं डोक्यावरचा गुंड उतरवला नाही.
"बाहेर एका डबड्यात भागते, इथं अर्धी बादली लागते.
हापशी नऊशे पावलं.
थे बादली कोन आनते, लिहून घे न माय."
पोरीनं कागद उलटून पाहिला.
तसा रकाना नव्हता.

आणि एक गोष्ट कोणी रकान्यातसुद्धा सांगत नाही:
भरल्यावर उपसणार कोण?
मी चौकात समजावलं,
खड्डे दोन असतात, एक भरला की दुसरा,
दीड वर्षात पहिल्याचं खत होते, मातीसारखं, वास नाही.
पाटलांनी सगळं ऐकून घेतलं
आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.
त्या पाहण्यात माझ्या आजाचा दोर होता,
गावाची मेलेली ढोरं ओढायचा.

दारं आलीच नाहीत.
तालुक्यातून एकच आलं, निळं, पत्र्याचं, आतून कडी.
गाव हागणदारीमुक्त व्हायची तारीख मात्र येऊन ठेपली.
ग्रामसेवक म्हणाले, शालिक, सायकल काढ.
मी ते कॅरियरला आडवं बांधलं.
बिजागरीत अडकवायचं,
लाभार्थी पुढं उभा करायचा,
पदर नीट, हसा जरा,
फोटो. काढा. पुढचं घर.
वच्छलाबाई म्हणाली, "आजच्या दिस राहू द्या न, भाऊ."
पण पुढच्या घरावरचं ऊन चाललं होतं.

माझं घर ई-क्लासवर.
नमुना आठ नाही, म्हणून ते घर नाही,
घर नाही, म्हणून यादीत नाव नाही.
पंचफुला पहाटे चारला पऱ्हाटीत जाते.
फरदड उपटली की रान उघडं पडते,
तेव्हापासून ती रात्री अर्धीच भाकर खाते.
किती वर्षं मला वाटायचं,
हिची भूकच कमी.

डब्याच्या पिशवीतून रोज दोन अर्ध्या विटा,
असे चार महिने.
भिंती उभ्या होत्या माझ्या, खड्डा रुंद,
तळाशी मुरूम, नकाशा माझा.
त्या संध्याकाळी दार पंचायतीत जमा करायचं होतं.
वाटेत घर लागलं.
याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

तिसऱ्या दिवशी शिपाई आला.
"दार दे, शेजारच्या गावी गुरुवारी तपासणी आहे."
मी दाराकडे पाहिलं.
कडी आतून होती.
पंचफुला आतूनच म्हणाली, घाई न करता:
"थांबा म्हना. आत मानूस हाय."

शिपाई थोडा वेळ उभा राहिला,
मग उकिडवा बसला
आणि तंबाखू मळू लागला.